पंचनाम्याला निघण्याआधी

चि. ताई,

अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, पंचनाम्यात फार काही नसतं. नुकसान 33 टक्क्यांच्या वर आहे की खाली ते बघायचं, फोटो घ्यायचा, माहिती भरायची." तुझ्यामागं कोतवाल कुणाला तरी गट नंबर विचारत होता, तुझी गडबड चालली होती, म्हणून मी नुसतं बरं म्हटलं. पण तू तलाठी, तुझ्या सज्जातल्या सगळ्या गावांत गारा पडल्यात, उद्यापासून तू बांधावर उभी राहणार, आणि ज्या कागदावर तुझी सही होणार त्या कागदानं आपल्या गावात कुणाला धरलं आणि कुणाला सोडलं ते तुला पुरतं ठाऊक नाही. 2014 साली तू सातवीत होतीस. गारा वेचायला परात घेऊन अंगणात पळाली होतीस, एवढंच तुला आठवतं. बाकीचं आम्ही तुझ्या कानावर येऊ दिलं नाही. आता तू त्या खुर्चीवर बसलीस, तर ते तुला कळलं पाहिजे.

आधी त्या वर्षीचं पीक कसं होतं ते सांगते. नुकसान बघायला आलेला माणूस पडलेलं पीक बघतो, त्याच्या मागची वर्षं कुणी विचारत नाही. 2012 ला पावसानं पाठ फिरवली होती. 1972 नंतर असा दुष्काळ बघितला नाही, असं म्हातारी माणसं म्हणायची. जालना, बीड, उस्मानाबाद, सगळीकडं तीच गत. आपली गाय नि दोन्ही बैल छावणीत नेऊन बांधले होते. अण्णा तिथंच गोणपाट टाकून झोपायचे आणि मी इकडं टँकरच्या मागं घागरी घेऊन पळायची. मग 2013 ला पाऊस वेळेवर आला, चांगला आला, रब्बीला रानात ओल राहिली. शाळू माणसाच्या डोक्यावर गेला होता. हरभऱ्याला एवढे घाटे की झाड वाकायचं. दोन वर्षं अडकून पडलेल्या सोयरिकी त्या माघात जुळल्या. किराणावाल्यानं, कापडवाल्यानं, मांडववाल्यानं, सगळ्यांनी "ज्वारी निघाली की द्या" म्हणून माल दिला. गावातला एकूण एक माणूस त्या सुगीच्या नावावर पुढचं वर्ष उभं करून बसला होता. आपणही बसलो होतो. तुझ्या दादाच्या बारावीच्या पुढच्या शिक्षणाचे पैसे त्या हरभऱ्यात होते.

महाशिवरात्रीच्या आसपास आभाळ यायला लागलं. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झालेलं ते संकट मार्चच्या मध्यापर्यंत हटलं नाही, आणि हेच त्या गारपिटीचं वेगळेपण होतं. गारपीट आपल्याला नवी नव्हती. उन्हाळ्याच्या तोंडाला वळवाच्या पावसात कधीतरी दहा मिनिटं गारा पडायच्या, एका शिवारात पडल्या तर शेजारच्या शिवारात मातीसुद्धा भिजायची नाही. पण राज्यातल्या तेव्हाच्या 35 पैकी 28 जिल्ह्यांत, आज इथं उद्या तिथं, असं पंधरा-वीस दिवस गारांनी झोडपत राहावं, हे कुणाच्या आजोबांनीही बघितलं नव्हतं. धुळे-नंदुरबारपासून नाशिकच्या द्राक्षांपर्यंत, सोलापूरच्या डाळिंबांपासून विदर्भातल्या संत्र्या-गव्हापर्यंत. सरकारी आकडा 18 लाख हेक्टरांच्या आसपास गेला होता.

हे झालं कसं, ते तुझ्या दादानं मला नंतर समजावून सांगितलं. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून जे पश्चिमी झंझावात येतात ते एरवी हिमालयाच्या बाजूनं निघून जातात, काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडतात. त्या वर्षी त्यांचा जोर खाली महाराष्ट्रापर्यंत उतरला. वरून ती गार हवा, खालून अरबी समुद्राकडचं नि बंगालच्या उपसागराकडचं बाष्प, आणि जमीन तर मार्चच्या उन्हानं तापलेली. तापलेली हवा जोरानं वर चढते, ढग दहा-बारा किलोमीटर उंच जातो. त्या उंचीवर पाण्याचे थेंब शून्याच्या खाली जाऊनही गोठलेले नसतात, ते बर्फाच्या कणाला चिकटले की तिथंच गोठतात. खालचा वारा त्या कणाला वर झेलत राहतो आणि थरावर थर चढत जातो. वाऱ्याला तिचं वजन पेलेनासं झालं की गार खाली येते. एवढं कळल्यावर माझ्या मनातलं एक ओझं उतरलं. कारण गावात तेव्हा कुणी म्हणत होतं देवाचा कोप, कुणी म्हणत होतं अमक्या घरानं अमकं पाप केलं. एका विधवा बाईकडं लोक बोट दाखवायला लागले होते. तुझ्या सज्जात कुणी असं बोलताना दिसलं तर तिथल्या तिथं थांबव.

आपल्याकडं पडली तो दिवस. सकाळपासून अंगाला चिकटणारा उकाडा होता. मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढून भांडी घासत होते. तीनच्या सुमाराला वारा एकदम थांबला, झाडाचं पान हलेना. नैर्ऋत्येकडून आभाळ काळं नाही, काळपट-पिवळं होऊन चढत आलं. पोरं मी आत घेतली नि दार लावलं. पहिल्या चार-दोन गारा पत्र्यावर सुटसुटीत वाजल्या, आणि मग कुणी ट्रकभर दगड वरून ओतावेत तसा आवाज सुरू झाला. पोरं रडत होती हे त्यांची तोंडं बघून कळत होतं, आवाज ऐकूच येत नव्हता. सुपारीएवढ्या होत्या, मधूनच लिंबाएवढी एखादी. पत्र्याला दोन ठिकाणी भोकं पडली नि गार थेट आत चुलीजवळ आली. तुला माहीतच आहे, किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्या भागात दगडमातीच्या घराची माणसांना धास्ती बसली, जो तो पत्र्याखाली राहायला गेला. गारांनी ते पत्रे चाळणी केले. भिंतींची भीती, म्हणून छत हलकं केलं, आणि छतानंच दगा दिला.

थांबल्यावर बाहेर आले तर गुडघ्याखालपर्यंत गारांचा थर. रानं पांढरी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बांधाच्या सावलीला गारांचे ढीग तसेच होते. टीव्हीवाले म्हणाले, मराठवाड्याचं काश्मीर झालं. शहरातून माणसं मोटारसायकलींवर फोटो काढायला आली. अण्णा त्यांच्याकडं बघत बांधावर बसून राहिले, एका शब्दानं बोलले नाहीत.

आपल्या तीन एकरांत काय झालं ते सांगते. हरभरा काढणीला आला होता, वाळलेला होता, म्हणून गारांच्या माऱ्यानं घाटे फुटले नि दाणा चिखलात गेला. वरचं झाड उभं, आत काही नाही. लांबून बघणाऱ्याला पीक उभं दिसतं! हे लक्षात ठेव, उद्या तुला उपयोगी पडेल. शाळूची ताटं मधोमध मोडली. जी कणसं वाचली ती पुढं आठवडाभर पावसात भिजून काळी पडली. अशी ज्वारी बाजारात कुणी विचारत नाही आणि तिची भाकरी कडवट लागते, ती आपण वर्षभर खाल्ली. कडबाही काळा पडला, बुरशी धरली, जनावरं तोंड लावीनात. म्हणजे धान्य गेलं आणि बैलांचा वर्षाचा चाराही गेला. ज्यांनी लवकर काढणी करून बनीम, म्हणजे पिकाची गंज, लावली होती, ते एक दिवस स्वतःला नशीबवान म्हणाले. तिसऱ्या दिवशीच्या पावसानं त्यांच्या बनीमीतून कोंब बाहेर आले.

ओढ्यापलीकडच्या द्राक्षबागेचा मालक तुझ्या अण्णांचा वर्गमित्र. घड तोडणीला आठवडा होता. गारांनी घड फोडलेच, पण वेलींच्या काड्यांना जखमा केल्या. त्याची बाग त्या सालापुरती गेली नव्हती. जखमी काडीवर पुढच्या हंगामाचाही घड नीट येत नाही. त्याला भरपाई मिळाली ती एका हंगामाची. आंब्याचा मोहोर नि कैऱ्या खाली सांडल्या होत्या. वडाखाली पोपट, कावळे, बगळे मरून पडलेले, त्यांचा खच. त्या झाडावर पुढं कितीतरी महिने पाखरू बसलं नाही.

आता जे आम्ही तुला कधी सांगितलं नाही ते. त्या आठवड्यात जिल्ह्याजिल्ह्यातून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. आपल्या गल्लीतल्या बायकांनी एकमेकींशी न बोलता एक ठरवलं होतं, माणसाला एकटं सोडायचं नाही. कुणी रानात निघालं की पोराला मागं धाडायचं. रात्री कुणाच्या तरी ओट्यावर बसून राहायचं, चहा करायचा, बोलतं ठेवायचं. मी घरातली फवारणीची सगळी औषधं लोखंडी पेटीत घातली, कुलूप लावलं नि किल्ली मंगळसूत्रात ओवून ठेवली. अण्णांनी एकदाही विचारलं नाही औषधं कुठं गेली. त्यांना कळलं होतं असं मला वाटतं. तू कुणाच्या बांधावर गेलीस आणि माणूस काहीच बोलत नसला, हो-नाही एवढंच म्हणत असला, तर घाईनं पुढच्या गटावर जाऊ नकोस. त्याच्या घरच्या बाईला गाठून चार शब्द बोल, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला, आशाताईला कळव. हे तुझ्या कामात लिहिलेलं नाही, मला माहीत आहे.

मग पंचनामे आले. 5 मार्चला लोकसभेची निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली होती, अर्धा कर्मचारीवर्ग त्या कामात. आपल्या गावाकडं जो माणूस आला त्याच्या माथी आणखी बरीच गावं होती. मी त्याला वाईट म्हणणार नाही, त्याचे डोळे झोपेनं लाल झाले होते. पण तो रस्त्याकडच्या रानांत जाऊन आला आणि बाकीचं मारुतीच्या पारावर बसून सातबारावरून उतरवून घेतलं. रस्त्याकडची रानं कुणाची असतात ते तुला सांगायला नको. ओढ्यापलीकडच्या, डोंगरकडेच्या हलक्या रानांत तो पोचलाच नाही. आपला हरभरा लांबून उभा दिसत होता म्हणून पहिल्या यादीत आपलं नुकसान निम्म्याच्या आत लिहिलं गेलं. तेव्हा 50 टक्क्यांच्या वर नुकसान असेल तरच मदत होती. अण्णांनी मूठभर झाडं उपटून नेली नि पारावर त्याच्यापुढं घाटे फोडून दाखवले, तेव्हा कुठं खाडाखोड झाली. ज्याला असं जाऊन भांडता आलं नाही, त्याचं राहिलं.

मार्चच्या उत्तरार्धात सरकारनं 4,000 कोटींची मदत जाहीर केली. कोरडवाहूला हेक्टरी 10,000, बागायतीला 15,000, फळबागेला 25,000, तीही दोन हेक्टरांपर्यंत. आचारसंहितेमुळं निवडणूक आयोगाची परवानगी काढावी लागली. मिळाले ते पैसे नको होते असं मी म्हणत नाही, त्या पैशांवर आम्ही पुढची पेरणी केली. पण हेक्टराच्या हिशोबात जो बसत नव्हता, त्याच्यासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीपाशी आहे, ताई. गारा साऱ्या गावावर पडल्या आणि पंचनामा झाला सातबाराचा.

आपल्या शेजारच्या रानात तुझा मानलेला मामा बटईनं करायचा. बी त्याचं, खत अर्ध्यात, राबणं सगळं त्याचं. मालक पुण्याला. तोंडी बोली, कागद काही नाही. मदत मालकाच्या खात्यावर गेली. मालक भला होता म्हणून त्यानं निम्मी रक्कम पाठवली. गावातल्या दुसऱ्या तिघा-चौघा बटईदारांना एक रुपया दिसला नाही.

माळावर धनगराचा वाडा उतरला होता, रानात मेंढरं बसवायला. उघड्यावरची जनावरं, आसरा कुठला? कोकरं पहिल्या दहा मिनिटांत गेली, मोठी मेंढरं डोकी एकमेकांच्या पोटाखाली खुपसून उभी होती, त्यातलीही कितीतरी मेली. मेलेल्या जनावराची भरपाई मिळते, पण पशुवैद्यकाचा दाखला लागतो, शवविच्छेदन लागतं. डॉक्टर येईपर्यंत मढ्यांना वास सुटला, त्यांनी ती पुरली नि पुढच्या मुक्कामाला गेले. चराईचा रस्ता थांबत नाही. ते आपल्या तालुक्याचे नव्हते, म्हणून त्यांचं नाव इथल्या यादीत आलं नाही. आणि त्यांच्या गावच्या यादीत कुठून येणार, गारा तर इथं पडलेल्या.

आणि ज्यांना रानच नाही ते. माझ्या अंगणवाडीत येणारी निम्मी पोरं त्या घरांतली. ज्वारीच्या काढणीला, खुडणीला त्या बायकांना मजुरी धान्यातच मिळायची. मळणी झाली की पायली-दोन पायली करत वर्षाची ज्वारी घरात यायची. शिवाय सरवा. पीक निघालेल्या रानात सांडलेली कणसं वेचून म्हाताऱ्या नि पोरी दोन-तीन पोती गोळा करायच्या. त्यावर मालकही कधी हक्क सांगत नसे. त्या वर्षी काढणी नाही, मळणी नाही, सरवाही नाही. चिखलात रुतलेली काळी कणसं धुऊन वाळत घालणाऱ्या बाया मी बघितल्यात. त्यातली एक मला म्हणाली, "बाई, आमच्या नावावर जमीन न्हाई म्हणून आमचं काई गेलंच न्हाई व्हय?" मी तिला काय सांगणार होते.

31 मार्चला पाडवा होता. पाडव्याला सालगड्यांचं साल बदलतं, नवी बोली होते, आगाऊ उचल मिळते. त्या पाडव्याला कुणी सालगडी ठेवलाच नाही. उचलीसाठी माणसं ऊसतोडीच्या मुकादमाच्या दारात गेली, आणि दसऱ्यानंतर ज्या घरातून कधी कुणी ऊस तोडायला गेलं नव्हतं त्या घरांतूनही कोयते निघाले.

पुढं काय झालं ते मला वजनकाट्यावर दिसलं. दर महिन्याला पोरांची वजनं घेऊन वाढीच्या तक्त्यात ठिपका द्यायचा, हे माझं काम. हिरव्या पट्ट्यात चाललेली रेघ खाली वळून पिवळ्यात आली, दोघा-तिघांची केशरी पट्ट्याकडं झुकली. ही रेघ गारपिटीच्या महिन्यात वळली नाही. ती वळली श्रावण-भादव्यात, घरातली शेवटची ज्वारी संपल्यावर. तोवर पंचनाम्याची फाईल कधीच बंद झाली होती. 2014 चा पाऊस पुन्हा रुसला, 2015 चाही गेला, आणि 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते तर तू स्वतः बघितलंस. लोकांना तो दुष्काळ आठवतो. त्याच्या आधी गारांनी घरातलं बियाणं, चारा नि हिंमत नेली होती, म्हणून तो इतका झोंबला, हे कुणाच्या ध्यानात नाही. तुझ्या वर्गातल्या तिघी मैत्रिणी नववीला शाळेतून काढल्या. त्यांतल्या एकीला मागच्या महिन्यात बाजारात भेटले, तिची मुलगी आता शाळेत जाते.

तुझ्या परीक्षेच्या पुस्तकांत मी एकदा वाचलं होतं, 30 एप्रिल 1888 ला उत्तर प्रदेशात मुरादाबादला गारांनी 246 माणसं मेली, जगात एका गारपिटीत सर्वांत जास्त माणसं गेल्याची नोंद तीच. मला वाटलं, त्या 246 जणांची मोजदाद झाली, पण तिथली रानं, गुरं, त्या वर्षी उपाशी निजलेली घरं? कुणीतरी तेव्हाही वही घेऊन फिरलं असेल, आणि त्या वहीत रकाने असतील.

आता तुझ्या कामाचं बोलते. नियम मला तुझ्याएवढे कळत नाहीत, पण जे भोगलं त्यातून सांगते. 2015 ला अट 50 वरून 33 टक्क्यांवर आली, हे चांगलं झालं, पण 33 की 30 हे ठरवणारे डोळे तुझेच आहेत. हरभरा असेल तर घाटा फोडून बघ, ज्वारी असेल तर ताटाच्या आत वाकून बघ, गव्हाची लोंबी चोळून बघ. द्राक्ष-डाळिंब असेल तर काडीवरची जखम फोटोत आण. पारावर बसू नकोस, कुणी कितीही आग्रहानं चहा दिला तरी. सगळ्यात लांबच्या रानापासून सुरुवात कर, रस्त्याकडची रानं शेवटी. ती पळून जात नाहीत, आणि त्यांचे मालक तुला स्वतःहून शोधत येतील.

सातबारावर मेलेल्या आजोबांचं नाव असेल नि वारस नोंद झाली नसेल, तर ते पैसे कुणालाच मिळत नाहीत, वर्षानुवर्षं पडून राहतात. तसे गट दिसले की लगेच वारसाचा अर्ज घे, नंतर ये म्हणू नकोस. सामाईक खात्यात भावांची संमतीपत्रं लागतात, तिथं धाकट्याची विधवा असेल तर तिला बाजूला घेऊन विचार, तिची सही कुणी कशी घेतली ते. ई-पीक पाहणी ज्यांना मोबाइलवर करता आली नाही, त्यांचा पेरा कागदावर कोरा दिसेल, रानात मात्र पीक पडलेलं असेल. तो कोरा रकाना बघून माणसाला परत पाठवू नकोस, वरिष्ठांना विचार, स्थळपाहणीत काय लिहिता येतं ते बघ. विम्याचे नियम तर सारखे बदलतात. 2016 ला नवी योजना आली तेव्हा गारपिटीचं नुकसान 48 तासांत कळवायची अट होती नि आपल्या गावात निम्म्या लोकांना ती चौथ्या दिवशी कळली. या हंगामाला जे लागू असेल ते दवंडी देऊन सांग, व्हॉट्सॲपच्या गटावर टाकून मोकळी होऊ नकोस. त्या गटात बायका नसतात.

बटईदार, मेंढपाळ, मजूर यांच्यासाठी तुझ्या फॉर्ममध्ये जागा नसेल. मग वेगळा कागद कर. गावात किती घरं धान्याच्या मजुरीवर होती, कुणाच्या शेळ्या-मेंढ्या गेल्या, कुणाचं कोठार भिजलं, असा एक साधा अहवाल तहसीलदारांना दे, त्याची पोच घे. मजुरांसाठी रोजगार हमीची कामं लगेच काढायला सांग, मागणीचा नमुना भरून घ्यायला ग्रामसेवकाला बसव. सरकारनं त्यावर काही केलं नाही तरी त्या गावात एवढ्या माणसांचं एवढं गेलं, हे सरकारी दप्तरात कुठंतरी लिहिलेलं राहील. आमच्या वेळी तेही राहिलं नाही. मेंढपाळ दुसऱ्या तालुक्याचा असेल तर डॉक्टरला आधी फोन कर, मग बाकीचं. यादी झाली की चावडीवर वाच, आणि वाचताना बायकांनाही बोलावून घे. आपल्याकडं यादी वाचलीच नव्हती. कुणाचं नाव आहे नि कुणाचं नाही हे पैसे जमा झाल्यावर कळलं, तेव्हा भांडणं लागली, ती अजून आहेत. दोन भावांचे पाय एकमेकांच्या दारात पडत नाहीत ते त्या यादीमुळं.

मदतीचे पैसे आले की बँक ते कर्जात वळते करून घेऊ बघते. आपलेही घेतले होते. अण्णा तेव्हा चार वेळा खेटे घालून गप्प बसले. असं करू नये अशा सूचना असतात, हे मला फार उशिरा कळलं. तू लोकांना आधीच सांग.

आणि एक. अण्णांनी मागच्या वर्षी लक्ष्मी मुक्तीखाली माझं नाव आपल्या सातबारावर लावलं ते तुझ्याच सांगण्यावरून. इतकी वर्षं मी त्या रानात खुरपलं, पण पंचनाम्याच्या वेळी "घरधनी कुठं आहेत?" असं विचारून तो माणूस माझ्याशी न बोलता निघून गेला होता. तुझ्या गावांत बांधावर बाईच भेटेल पुष्कळ ठिकाणी, पुरुष पुण्या-मुंबईला असतील. तिलाच विचार. पीक कधी पेरलं, किती खत पडलं, किती गेलं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

लोक तुझ्यावर ओरडतील. काही जण खोटं नुकसान लिहायला सांगतील, पुढारी फोन करतील, एखादा पाकीटही पुढं करेल. तू तशी नाहीस, त्याची मला काळजी नाही. काळजी आहे ती थकव्याची. आठव्या-दहाव्या दिवशी सगळी रानं सारखीच दिसायला लागतात, आकडे एकासारखा एक पडायला लागतात. तसं झालं तर तेवढा दिवस काम थांबव, झोप काढ, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

दुपारी तीननंतर आभाळ भरून आलं तर रानात राहू नकोस. वीज कडाडायला लागली की झाडाखाली थांबायचं नाही, पत्र्याच्या गोठ्यातही नाही, पक्क्या घरात जायचं. मोबाइलमध्ये ते दामिनी ॲप घालून घे, विजेची सूचना आधी मिळते म्हणतात. गाडीवर निघताना हेल्मेट घालच. गारांत त्याचा उपयोग रस्त्यापेक्षा जास्त आहे.

शेंगाची चटणी नि कडक भाकऱ्या पाठवल्यात, त्या आठवडाभर टिकतील. कोतवालालाही दे, तो बिचारा सकाळपासून तुझ्याबरोबर उन्हात असतो. बटईदारांचा अहवाल तहसीलदारांनी घेतला की नाही ते मला कळव. घेतला नाही तर अण्णांच्या ओळखीचे एक निवृत्त नायब तहसीलदार आहेत, तो कागद कसा लिहायचा ते त्यांना विचारून मी तुला कळवीन.

तुझी
आई